फुकटचं कार्ड, पण माया ठेवून शिवलेलं

मी शिवणकाम करते. कराडजवळ ओगलेवाडीत घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. दोन मशिनी, एक फॉल-पिकोची. माझ्याकडे एक जाडजूड मापवही आहे आणि तिच्यात प्रत्येक बाईचं एक पान. एकाच बाईची चार वर्षांची मापं एकाखाली एक वाचली की त्या घरात काय काय होऊन गेलं ते न सांगता कळतं. बाळंतपण कळतं, आजारपण कळतं, मुलीचं लग्न ठरल्यावर उडालेली झोपही छातीच्या मापात दिसते.

आज ज्या वस्तूबद्दल लिहितेय तीही एक मापवहीच आहे. माता व बाल संरक्षण कार्ड. दिवस गेल्यावर उपकेंद्रात नाव नोंदवलं की मिळतं, पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक घरांत लसीच्या दिवशी 'कार्ड कुठंय, कार्ड कुठंय' एवढ्यापुरतंच ते कपाटातून बाहेर येतं. माझ्याकडे सध्या अशी दोन आहेत. एक थोरलीचं, ती तेरा महिन्यांची होऊन चौदाव्यात आहे. दुसरं पोटातल्याचं, मला सहावा लागलाय.

हो, अंतर कमी आहे. आशाताई सारख्या सांगत होत्या की दोन मुलांत तीन वर्षं जाऊ द्या, आणि आम्ही तांबी बसवायचं पुढच्या महिन्यावर ढकलत होतो. गावात जे बोलायचं ते बोलून झालंय, त्यामुळे इथं कुणी परत सांगू नका.

थोरलीच्या वेळी मी कार्डाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. मोबाइलमध्ये दोन ॲप होती. नावं लिहीत नाही. एक फुकटचं, एकाला वर्षाचे ४९९ रुपये भरले होते. दिसायला फार गोड. रोज सकाळी निरोप यायचा, तुमचं बाळ आज इतक्या दिवसांचं झालं, आता ते अमुक करेल. पोटात असताना तर फळांचा बाजारच. या आठवड्यात लिंबाएवढं, या आठवड्यात आंब्याएवढं. परवा सांगितलं की लवकरच ते मक्याच्या कणसाएवढं होईल. कुठल्या मक्याच्या? आमच्या शेतातल्या की पावसाळ्यात गाड्यावर भाजून देतात त्या?

पण घोटाळा फळांचा नव्हता. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर मी ॲपमध्ये 'गरोदर' असं निवडलं आणि थोरलीचं पानच गायब. दोन्ही एकत्र बघायचं तर वरचे पैसे भरा म्हणे. म्हणजे त्यांच्या हिशेबात बाई एक तर पोटुशी असते, नाही तर लेकुरवाळी. दोन्ही एकदम असणारी बाई त्यांनी बघितलेलीच नाही. पैसे भरले नाहीत. ॲप ठेवलं, निरोप मात्र येत राहिले. थोरली वर्षाची झाली त्या दिवशी आला: अभिनंदन, आता तुमचं बाळ घरभर चालू लागलं असेल! खाली तपासयादी. रांगणं झालं का? उभं राहणं झालं का? ज्याच्यापुढे बरोबरची खूण केली नाही तो रकाना लाल.

आमची थोरली गुडघ्यावर रांगलीच नाही. ती बुडावर बसून एक हात टेकत टेकत सरकायची, आणि इतक्या वेगानं की फरशी पुसायचं काम वाचायचं. वर्षाची झाली तरी धरून उभी राहायची, पण सोडून पाऊल नाही. लाल रकान्यांकडे बघून मी दोन रात्री झोपले नाही. त्यात आत्यांचं सुरू झालं. "आगं, वरीस झालं की पोरीला, अजून पाऊल टाकंना. पाठीवर भावंड आलं की थोरलं सुकतंच, हे काय नवं न्हाय."

धाकट्या वन्सं पुण्यात नर्स आहेत. त्या सुट्टीला आल्या तेव्हा मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, कार्ड काढा आधी."

तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट उलगडून बघितलं, गिऱ्हाइकानं आणलेलं कापड बघते तसं.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. ब्लाउज कापताना मापाच्या बाहेर बोटभर कापड जास्त सोडायचं, ते शिवणीच्या आत दुमडून राहतं. अंग भरलं तर उसवून तेवढं मोकळं करता येतं. नवशिक्या पोरी कापड वाचवायला माया ठेवत नाहीत, आणि दिवाळीत गिऱ्हाइक परत येतं. ॲपनं माया ठेवली नव्हती. बारा महिने म्हणजे चालणं, संपलं. कार्डावर मात्र वाढीच्या पानावर रेघ एकटी नाही, पट्टे आहेत, आणि बाळ काय काय करू लागतं त्याची चित्रं वयाच्या टप्प्यांत मांडलेली आहेत. एका तारखेच्या सुईवर काहीच अडकवलेलं नाही.

वन्सं म्हणाल्या की जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांच्या हालचालींचा मोठा अभ्यास केला, त्यात नीट वाढणारी मुलं आधाराशिवाय चालायला लागली ती कुणी सव्वाआठ महिन्यांत, तर कुणी पार साडेसतरा महिन्यांना. आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. बुडावर सरकणारी मुलं चालायला थोडी उशीर करतातच. अठरा महिने होऊनही चालली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, तेव्हा 'आमच्यात उशिराच चालतात' म्हणत बसायचं नाही. सव्वाआठ ते साडेसतरा! केवढी माया ती.

आमचे हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, ती गोऱ्या पोरांची मापं असणार, आपल्याला काय उपयोग. मलाही तसंच वाटायचं. पण तसं नाही. कार्डावरचा वजनाचा आलेख ज्या मापांवरून काढलाय ती १९९७ ते २००३ मध्ये सहा देशांतल्या मुलांची घेतलेली आहेत: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. आपल्याकडची मुलं दिल्लीतली. आईचं दूध मिळालेली, खाण्यापिण्याची आबाळ न झालेली मुलं निवडली होती, आणि अशी मुलं कुठल्याही देशात जवळजवळ सारखीच वाढतात हे दिसलं. त्यावरून २००६ मध्ये ही मापं जगभरासाठी जाहीर झाली. हे गप्प झाले. कारखान्यात ऊस काट्यावर मोजणारा माणूस, मापावर विश्वास बसला की वाद घालत नाही.

आता आलेखाबद्दल, कारण कार्डातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे आणि तीच कुणी वाचत नाही. मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा. आडव्या बाजूला महिने, उभ्या बाजूला किलो. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन कमी, नारिंगी म्हणजे फारच कमी, लगेच दाखवा. दर महिन्याला वजन करायचं, ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. एवढंच. जोडायचा हे महत्त्वाचं. माझ्या थोरलीच्या कार्डावर दहा महिन्यांपर्यंतचे ठिपके होते, जोडलेले नव्हते. सुटे ठिपके म्हणजे सुटी बटणं.

वन्संनी पेन घेतलं आणि जोडले. जन्माला २ किलो ८००. सहा महिन्यांना ६ किलो ९००. दहाव्याला ७ किलो ९००. अकराव्याचं वजन माझ्या लक्षात होतं, तेही ७ किलो ९००. ठिपका हिरव्यातच. पण रेघ, जी तोवर चढाला लागली होती, ती तिथे आडवी झाली. मी म्हटलं, हिरव्यातच आहे की. त्या म्हणाल्या, रंग नंतर बघा, रेघ कुठे चाललीय ते आधी बघा. एक महिना आडवी म्हणजे घाबरायचं नाही, पण कारण शोधायचं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसरं कार्ड शेजारीच होतं. त्यावर माझी पाळीची तारीख, पहिल्या तपासणीची तारीख. ती दहावरून अकराव्या महिन्यात जात होती तेव्हा मला दुसरा महिना संपून तिसरा चालू होता आणि दिवसभर उलट्या. तिला अंगावर घ्यायला जीव नको म्हणायचा. दूध कमी झालं होतं आणि त्या जागी वरचं खाणं वाढवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोन कार्डं मांडीवर शेजारी ठेवली नसती तर हे मला कधीच दिसलं नसतं. आत्यांचं 'थोरलं सुकतं' खरंच होतं. फक्त त्याला दैव जबाबदार नव्हतं, वाटी जबाबदार होती.

वन्संनी तेव्हा एक सांगितलं ते मी विसरत नाही. मुलांच्या कुपोषणाचा एक प्रकार आहे, क्वाशिओरकोर. हा शब्द आफ्रिकेतल्या घाना देशातल्या गा भाषेतला. तिथे काम करणाऱ्या सिसली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९३५ मध्ये तो वैद्यकात आणला. त्याचा अर्थच मुळी धाकटं आलं की थोरल्याला होणारा आजार. म्हणजे तिकडच्या आत्यांनाही ठाऊक होतं. आमच्या पोरीचं तिथवर काहीच गेलं नव्हतं, नुसती एक आडवी रेघ होती.

मग चार वेळा खायला सुरू केलं, दर वेळी अर्धी वाटी. मऊ वरणभात आणि वर तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडं, केळं. बाराव्याला ८ किलो ३००, तेराव्याला ८ किलो ६००. रेघ परत चढाला लागली. पाऊल? गेल्या गुरुवारी मशिनीचा पाय सोडून दोन पावलं आली आणि कापडाच्या ढिगात बसली. तारीख कार्डावर लिहिलीय.

दुधाबद्दलही सांगते, कारण मला चौघींनी तरी विचारलं. पोटुशीचं दूध थोरल्याला बाधतं असं आत्या म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त जातंय का, आधी कधी दिवस भरायच्या आत कळा आल्या होत्या का. दोन्ही नाही. मग म्हणाल्या, पाजायला हरकत नाही, तुम्ही मात्र दोघांचं नव्हे, तिघांचं खा. पाचव्यात दूध आपसूक आटलं आणि तिनंच सोडलं. रडारड दोन दिवसांची.

माझी बाजू. कार्डाचा पुढचा अर्धा भाग आईचा असतो आणि ही गोष्ट मला फार आवडली. ॲपमध्ये बाई म्हणजे बाळाची पिशवी. इथे तिचं वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन, सगळ्याला रकाना आहे. पहिल्या खेपेला नाव नोंदवताना माझं हिमोग्लोबिन ११.४ होतं. या खेपेला ९.६. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. नुसतं ९.६ ऐकून मी 'बायकांचं असतंच' म्हणाले असते. पण शेजारच्या कार्डावरचं ११.४ बघितल्यावर कळलं की पहिलं बाळंतपण आणि नऊ-दहा महिन्यांचं पाजणं यात किती उसवलंय. एरवी चौथ्या महिन्यापासून रक्तवाढीची लाल गोळी रोज एक, अशा १८० दिवस घेतात. मला रोज दोन दिल्या. कॅल्शियमच्याही दोन, पण लाल गोळीबरोबर नाही, मध्ये वेळ सोडून. आणि गोळीवर चहा नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला चहा सोडायला सांगणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. परवा १०.७ आलं.

जुनं कार्ड जपून ठेवल्याचा आणखी एक फायदा. पहिल्या खेपेला धनुर्वाताची टीडीची दोन इंजेक्शनं झाली होती, तारखांसकट नोंद होती. तीन वर्षांच्या आत परत दिवस गेले तर एकच बूस्टर पुरतं. सिस्टरनी जुनं कार्ड बघितलं आणि एकातच सोडलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईचं कार्ड हरवलं होतं, तिला दोन्ही घ्यावी लागली.

लसींचं पान दोन मुलांच्या आईला वेळापत्रकासारखं वापरता येतं. थोरलीचे नऊ महिन्यांचे डोस झालेत, गोवर-रुबेला, अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस वगैरे. पुढचे १६ ते २४ महिन्यांत, गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणीचा बूस्टर, पोलिओचा बूस्टर. मी बोटांवर मोजलं. ती सोळा महिन्यांची होईल तेव्हा मला आठवा संपत आलेला असेल. साडेसतराची होईल तेव्हा मी बाळंतीण. मग धाकट्याचे सहा, दहा आणि चौदा आठवडे. चोविसाव्या महिन्यापर्यंत मुभा आहे म्हणून थांबले तर ओली बाळंतीण, एक अंगावर, एक कडेवर आणि कडेवरच्याला लसीचा ताप, असा प्रसंग येणार. म्हणून सोळा महिने भरले की पहिल्याच लसीच्या दिवशी जायचं. कॅलेंडरवर गोल केलाय.

आता खोड्या काढते, नाही तर वाटेल की मला कुणी फुकट कार्डाऐवजी फुकट शिलाई मशीन दिलंय.

अक्षर बारीक आहे. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला बारीक वाटतं तर आत्यांनी काय वाचायचं? आलेखाचे चौकोन इतके लहान की जेल पेनाचा ठिपका त्यांच्यावर पसरतो. बॉलपेन न्या आणि तेच वापरायला द्या. घडीवर कागद विरतो, माझं थोरलीचं कार्ड सहाव्या महिन्यातच फाटायला लागलं. लॅमिनेट करू नका, मग त्यावर लिहिणार कसं? मागून घडीवर पांढरी कापडी पट्टी चिकटवा, शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ती चालते.

बाळाच्या विकासाचे चौकोन बहुधा रिकामेच राहतात. वजन आणि लस भरली जाते, पण मान धरली का, हाक मारली की वळते का, टाटा करते का, हे घरात दिसतं, उपकेंद्राच्या रांगेत नाही. तिथे मूल एक तर झोपलेलं असतं, नाही तर भोकाड पसरलेलं. ते चौकोन आपणच भरायचे. मी खूण न करता तारीखच लिहिते. आशाताई तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना घरी येतात, तेव्हा ते पान त्यांच्यापुढे उघडायचं. गप्पांत चहा होतो आणि पान राहून जातं.

वजन दर वेळी एकाच काट्यावर करा. अंगणवाडीतला काटा आणि खासगी दवाखान्यातला काटा यांत आमच्याकडे दोनशे ग्रॅमचा फरक आला होता. दोन टेपांनी मोजलेला मुंढा कधी बसतो का? आणि कपडे कमीत कमी ठेवा. आमच्या पोरीच्या हातातलं खुळखुळंही एकदा वजनात गेलं होतं.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. कार्डात आई आहे, बाळ आहे, पण बाळ कडेवर असतानाच परत आई होणारी बाई नाही. तिला फक्त अंतर ठेवायचा सल्ला आहे. सल्ला बरोबर आहे, पण तो न पाळलेल्या बाईनं पुढे काय करायचं? पाजणं कधी थांबवायचं, कडेवर किती घ्यायचं, थोरल्याची वाटी कितीनं वाढवायची, यावर चार ओळी असत्या तर माझा तो आडवा महिना वाचला असता. दोन कार्डं एकमेकांना ओळखतही नाहीत. थोरलीच्या कार्डावर कुठेही असं लिहायला जागा नाही की आई आता परत गरोदर आहे. मी ती तारीख आलेखाच्याच पानावर, अकराव्या महिन्याच्या वर, बाण काढून लिहिलीय. अंगणवाडीच्या ताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, बरं केलंत.

पैशांचं विचाराल तर फॉर्मला कार्डाची झेरॉक्स लागतेच. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५००० मिळतात. दुसरीला मुलगी झाली तर ६०००, मुलगा झाला तर नाही. सरकारनंच मुलीला जास्त भाव दिल्याचं हे एकच उदाहरण माझ्या बघण्यात आहे.

तारे द्यायचेच तर पाचातले चार. ॲपला दोन, तेही रात्री पाजताना उजेड पडायचा म्हणून.

दोन्ही कार्डं हरवू नयेत म्हणून उरलेल्या खणाच्या तुकड्याची एक पिशवी शिवलीय. आत अस्तर, वरती चेन, दोन कप्पे, आणि पेनाला वेगळी घडी. चारी बाजूंनी माया सोडलीय. काल आत्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "एवढी मोठी शिवलीस, मग कप्पं दोनच का गं?"

म्हटलं, "आत्या, दोनच."